मद्रासची तार मुंबईमार्गे : भारतीय तारायंत्राचे जनक विल्यम ओशॉनेसी

चेन्नई : बंगालच्या उपसागराच्या तळावरून आलेल्या अनेक प्रकाशतंतू केबलांची टोके चेन्नईच्या किनाऱ्यावर जमिनीवर येतात. सिंगापूरकडे जाणारी एक केबल २००२ मध्ये सुरू झाली. चेन्नईला अंदमान-निकोबार बेटांशी जोडणारी सुमारे २,३०० किलोमीटरची केबल १० ऑगस्ट २०२० रोजी कार्यान्वित झाली. देशाच्या दूरसंचार नकाशावर मुंबईच्या जोडीने हे शहर आज पारेषणाचे प्रमुख केंद्र आहे. पण १८५५ साली, विद्युत तारेने देशाशी प्रथम जोडले गेले तेव्हा, मद्रास या नकाशाच्या अगदी शेवटच्या टोकाला होते. येथून कलकत्त्याला पाठवायची तार पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे जात नसे. ती आधी बंगळूरला, तेथून बळ्ळारी आणि पुणे करीत मुंबईला, पुढे इंदूरमार्गे आग्र्याला आणि शेवटी गंगेच्या खोऱ्यातून कलकत्त्याला पोहोचत असे. रेल्वेने साडेसोळाशे किलोमीटरवर असलेल्या शहरासाठी अर्ध्या हिंदुस्थानाला घातलेला हा वळसा होता.

हे जाळे ज्यांनी उभारले ते विल्यम ब्रूक ओशॉनेसी अभियंता नव्हते. ते शल्यचिकित्सक होते, रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंची पारख करणारे अधिकारी होते. भारतातील तारखात्याचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे स्थान याहून मोठे असावे, असे मानणारेही आहेत.

ओशॉनेसी यांचा जन्म १८०९ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. डब्लिनमध्ये काही काळ शिकल्यानंतर ते एडिंबरोला गेले आणि १८२९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास, वैद्यकातील पदवी घेऊन बाहेर पडले. दोन वर्षांनी इंग्लंडात पटकीची साथ आली. सर्वसाधारण वैद्य रुग्णाच्या अंगातून रक्त काढीत होते. ओशॉनेसी यांनी त्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले, तेव्हा त्यातील पाणी आणि क्षार मोठ्या प्रमाणावर घटलेले त्यांना आढळले. जे गेले आहे तेच शिरेवाटे परत द्यावे, असे त्यांनी सुचविले. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील थॉमस लट्टा या डॉक्टरांनी ते प्रत्यक्ष करून पाहिले. आज प्रत्येक रुग्णालयात दिसणाऱ्या सलाईनच्या बाटलीचा उगम तेथे आहे. एवढे करूनही लंडनमध्ये व्यवसाय करण्याचा परवाना काही त्यांना मिळाला नाही. १८३३ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीची सहायक शल्यचिकित्सकाची नोकरी पत्करली आणि ते कलकत्त्याला आले.

कलकत्त्यात त्यांच्या बुद्धीला मोकळे रान मिळाले. नव्याने स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयात ते रसायनशास्त्र शिकवू लागले. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी पाठ्यपुस्तक लिहिले, देशी औषधींचा कोश सिद्ध केला आणि भांगेच्या औषधी गुणांवर प्रयोग करून त्यांचे निष्कर्ष पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडले. हाती येईल त्या साधनाने प्रयोग करायचा आणि जे कळले ते इतरांना करता येईल अशा भाषेत लिहून ठेवायचे, ही त्यांची रीत होती. तारायंत्राच्या कामातही त्यांनी ती सोडली नाही.

१८३९ साली हुगळीकाठच्या वनस्पती उद्यानात त्यांनी कित्येक मैल लांबीची लोखंडी तार बांबूंवरून खेळविली. तारेचा काही भाग नदीच्या पाण्याखालून नेला. संदेश ओळखण्याची युक्ती आज वाचताना काहीशी गमतीची वाटते. दोन टोकांना एकाच लयीत चालणारी दोन घड्याळे ठेवली होती. विजेचा झटका बोटांना जाणवला की त्या क्षणी काटा कोणत्या खुणेवर आहे ते पाहायचे आणि अक्षर टिपून घ्यायचे. प्रेषक आणि ग्राहक यांची काळगती जुळलेली असली पाहिजे, हे तत्त्व आजच्या अंकीय पारेषणातही कायम आहे. तंत्रज्ञ त्याला समकालन म्हणतात. ओशॉनेसी यांच्या प्रयोगात समकालनाचे काम दोन घड्याळे करीत होती आणि ग्राहक यंत्राचे काम माणसाची बोटे.

त्या प्रयोगात आणखी एक महत्त्वाची गोष्ट पडताळून पाहण्यात आली. वीज वाहण्यासाठी परिपथ पूर्ण व्हावा लागतो, म्हणजे जाण्याची आणि येण्याची अशा दोन वाटा हव्यात. त्यांपैकी एका वाटेचे काम तारेऐवजी नदीच्या पाण्याने करून दाखविले. तारायंत्राच्या इतिहासात ही बाब मोलाची ठरली, कारण परतीची वाट पाण्यातून किंवा जमिनीतून नेता आली तर निम्मी तार वाचते. घरातल्या विजेच्या फळीवर आपण ज्याला अर्थिंग म्हणतो त्या भूसंपर्काचा हा जवळचा आप्त.

हे सारे घडले तेव्हा मोर्स यांची अमेरिकेतील प्रसिद्ध तार सुरू व्हायला अजून पाच वर्षे होती. ओशॉनेसी यांनी प्रयोगाचा वृत्तान्त एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. सरकारने त्याची दखल घेतली नाही. अफगाण युद्धात गुंतलेल्या कंपनीला हुगळीकाठच्या बांबूंत रस नव्हता. मधल्या काळात ते इंग्लंडला जाऊन आले, १८४३ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि परतल्यावर टांकसाळीत रुजू झाले. दहा वर्षे विषय पडून राहिला.

तो पुन्हा उघडला गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी. विस्तारणारे राज्य एका केंद्रातून चालवायचे तर बातमी घोड्याहून जलद धावली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही प्रायोगिक ओळ टाकण्याचे काम ओशॉनेसी यांच्याकडे सोपविण्यात आले. त्या वेळी देशात तारायंत्राचा एकही प्रशिक्षित कारागीर नव्हता. यंत्रे बनविणारा कारखानाही नव्हता.

ओशॉनेसी यांनी घेतलेला निर्णय युरोपातील तज्ज्ञांना विचित्र वाटावा असा होता. तेथे बारीक तार आणि तिच्यासाठी उत्तम रोधक अशी पद्धत होती. रोधक म्हणजे खांब आणि तार यांच्यामध्ये बसविलेला, वीज अडविणारा काचेचा किंवा चिनी मातीचा तुकडा, ज्याला लाइनमन इन्सुलेटर म्हणतात. ओशॉनेसी यांनी बारीक तारेऐवजी सुमारे तीन अष्टमांश इंच जाडीच्या लोखंडी सळ्या एकमेकींना जोडून वापरल्या. वाहक जितका जाड तितका त्याचा विरोध कमी, आणि थोडी वीज वाटेत गळाली तरी उरलेली पुरेशी पोहोचते, असा त्यांचा हिशेब होता. शिवाय सळीवर घार बसली, माकडाने झोका घेतला किंवा गाडीची धडक बसली तरी ती तुटत नाही. ती ताणावी लागत नाही आणि चोरून नेणेही सोपे नाही. जमिनीखालून नेलेल्या भागात सळ्यांना डांबरात भिजविलेले कापड गुंडाळले आणि छपराच्या कौलांच्या पन्हळीत वाळू व राळेच्या मिश्रणात त्या बसविल्या. नदीखालून नेलेल्या तारेवर गटापर्चा या झाडाच्या चिकाचे वेष्टन चढविले आणि जहाजांच्या नांगरांपासून ती वाचावी म्हणून लोखंडी साखळदंडाच्या खाचेत तिला आश्रय दिला. केबल, तिचे रोधक वेष्टन आणि त्यावरचे चिलखत ही आजच्या सागरी केबलची मूळ रचना येथे ओबडधोबड रूपात दिसते.

ग्राहक यंत्रही त्यांनी स्वतःच रचले. त्यात एक लहानशी चुंबकीय सुई होती. वीज एका दिशेने आली की ती डावीकडे झुके आणि उलट दिशेने आली की उजवीकडे. डाव्या-उजव्या झुकावांच्या जुळणीतून अक्षरे बनत. हे यंत्र स्थानिक कारागिरांना घडविता येत असे आणि बिघडले तर तेथल्या तेथे दुरुस्त करता येत असे. ओशॉनेसी यांच्या लेखी हाच त्याचा सर्वांत मोठा गुण होता.

या कामात त्यांना लाभलेल्या साहाय्यकाचे नाव शिवचंद्र नंदी. ते टांकसाळीत ओशॉनेसी यांच्या हाताखाली काम करीत होते आणि तारायंत्र त्यांच्याबरोबरच शिकले. डायमंड हार्बरहून पहिला संकेत पाठविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. पुढे पूर्व बंगालच्या ओळींवर खर्च वाचविण्यासाठी त्यांनी ताडाच्या खोडांचे खांब उभे केले, आणि आगबोटीचे भाडे परवडत नाही म्हणून कोळ्यांच्या होड्यांतून पद्मा नदीत सुमारे सात मैलांची केबल टाकली. भारतीय दूरसंचाराच्या इतिहासात ओशॉनेसी यांना मिळणाऱ्या पानांच्या तुलनेत नंदी यांना मिळणाऱ्या ओळी फारच थोड्या आहेत. ही तफावत खटकण्यासारखी आहे.

डायमंड हार्बरची ओळ १८५१ मध्ये सुरू झाली आणि लवकरच समुद्राच्या दिशेने खेजुरीपर्यंत वाढविण्यात आली. एप्रिल १८५२ मध्ये ब्रिटिश फौजांनी रंगून घेतल्याचे वृत्त घेऊन जहाज आले. ते कलकत्त्याच्या धक्क्याला लागण्याआधीच बातमी तारेने शहरात पोहोचली होती. डलहौसी यांना आणखी पुराव्याची गरज उरली नाही. ओशॉनेसी लंडनला गेले, संचालक मंडळाची मंजुरी घेतली आणि संपूर्ण देशाच्या विद्युत तारखात्याचे अधीक्षक म्हणून परतले.

परतताना त्यांनी सोबत यंत्रसामग्री आणली आणि एक पुस्तकही. तारखात्यातील कनिष्ठ अधिकारी, कारागीर आणि संकेतक यांच्यासाठी लिहिलेली ही सूचनापुस्तिका १८५३ मध्ये लंडनमध्ये छापली गेली. विद्युत्‌घट कसा भरावा, सांधा कसा जोडावा, ओळीतील दोष कसा शोधावा, यांची शिकवण देणारे भारतातील तारायंत्राचे हे आरंभीचे पाठ्यपुस्तक म्हणता येईल. आज दूरसंचाराच्या पदविकेच्या पहिल्या वर्षात जी मूलभूत परिभाषा शिकविली जाते, तिचा बराचसा पाया अशा पुस्तिकांनी घातला.

नोव्हेंबर १८५३ मध्ये काम सुरू झाले. २४ मार्च १८५४ रोजी कलकत्ता आणि आग्रा यांच्यातील ८०० मैलांच्या अंतरावरून संदेश गेला. पाच महिन्यांच्या आत एवढे अंतर कापण्याचा वेग आजही दचकायला लावतो. पुढची वाट अधिक अवघड होती. माळव्याची काळी माती, सह्याद्रीचे घाट, दख्खनच्या नद्या. शोण नदीतील केबल १५,८४० फुटांची, म्हणजे बरोबर तीन मैलांची होती. मुंबई-मद्रास मार्गावरील तुंगभद्रेची केबल सुमारे दोन मैलांची होती. खांबांच्या बाबतीत ओशॉनेसी यांनी कोणताही एक नमुना धरून ठेवला नाही. बंगालमध्ये बांबू आणि ताड, अन्यत्र साग, आणि दक्षिणेत, जेथे दगडाला तोटा नाही, तेथे ग्रॅनाइटचे खांब. वाळवीला आणि पावसाला दगडाची भीती घालता येते, हे मद्रास इलाख्यातील देवळे बांधणाऱ्यांना शतकानुशतके ठाऊक होते. तारखात्याने तेच ज्ञान वापरले.

१ फेब्रुवारी १८५५ रोजी कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास यांना जोडणारे सुमारे तीन हजार मैलांचे जाळे जनतेसाठी खुले झाले. दर ४०० मैलांना १६ शब्दांसाठी एक रुपया असा आकार होता. सामान्य माणसाच्या आवाक्यातील ही गोष्ट नव्हती. अफू, कापूस आणि हुंड्यांचा व्यापार करणारे मुंबई-कलकत्त्याचे व्यापारी मात्र या खिडकीपाशी लवकर आले.

अंतर वाढले तसे ओशॉनेसी यांच्या जाड सळीचे गणित बिघडू लागले. तीस मैलांच्या ओळीत वाटेत गळणारी वीज सोसता येत होती. शेकडो मैलांच्या ओळीवर, भर पावसाळ्यात, प्रत्येक ओल्या खांबापाशी थोडी थोडी वीज जमिनीत जाऊ लागली तर दुसऱ्या टोकाची सुई हलणार कशी? संकेत अंतराबरोबर दुबळा होत जातो, याला तांत्रिक भाषेत क्षीणन म्हणतात. त्यावर उपाय दोनच. एक, रोधक सुधारणे. दुसरा, वाटेत ठिकठिकाणी संकेत थांबवून नव्या जोमाने पुढे पाठविणे. आज हे दुसरे काम पुनरावर्तक नावाचे उपकरण करते. समुद्रतळावरील केबलमध्ये ठरावीक अंतरावर तशी उपकरणे बसविलेली असतात. १८५५ मध्ये पुनरावर्तक हाडामांसाचा होता. मधल्या कचेरीतील संकेतक सुईचे झुकाव डोळ्यांनी वाचून कागदावर उतरवीत असे आणि तोच मजकूर पुढच्या ओळीवर पुन्हा पाठवीत असे. मद्रासची तार कलकत्त्याला पोहोचेपर्यंत असे अनेक हात तिला लागत आणि प्रत्येक हातागणिक एखादे अक्षर बदलण्याची शक्यता वाढे. तारेच्या मजकुरातील चुकांबद्दल त्या काळी ग्राहकांची ओरड होती आणि ती रास्त होती.

ओशॉनेसी यांनी स्वतःच्या शोधाला कवटाळून न बसता १८५७ च्या सुमारास आपल्या सुईयंत्राच्या जागी मोर्स यांची यंत्रे स्वीकारली. सळ्यांची जागा आधीच गॅल्वनाइज्ड लोखंडी तारेने घेतली होती. मैलाला सुमारे अर्धा टन भरणारी ही तारही युरोपीय मापाने जाडच होती. घाईने उभारलेल्या ओळींचा बराच भाग पुढे नव्याने बांधावा लागला. त्यांच्यावर या घाईबद्दल टीका होते. पण युरोपातून प्रत्येक रोधक आणि प्रत्येक कारागीर येईपर्यंत ते थांबले असते, तर १८५५ मध्ये जाळे उभे राहिले नसते. पहिली ओळ टाकणाऱ्याला जे योग्य होते ते मोठे जाळे चालविणाऱ्याला अपुरे पडले, एवढाच या टीकेचा अर्थ आहे.

जाळ्याचा दुसरा दोष अधिक गंभीर होता, आणि त्यात मद्रासचा थेट संबंध येतो. चारही शहरे एकाच लांब साखळीत ओवलेली होती. कोणत्याही ठिकाणी कडी तुटली की पलीकडचे शहर मुके होत असे. मे १८५७ मध्ये ही कडी तुटली. ११ मे रोजी दिल्लीच्या तारकचेरीतून विल्यम ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन या दोन तरुण संकेतकांनी उठावाची वार्ता अंबाल्याला कळविली. ओळीतील बिघाड पाहण्यासाठी निघालेले त्यांचे प्रमुख चार्ल्स टॉड मारले गेले होते. अंबाल्याहून वृत्त लाहोरला गेले आणि १३ मे रोजी तेथील छावणीत देशी पलटणींची शस्त्रे काढून घेण्यात आली. तारेने साम्राज्याला वाचविले, असे ब्रिटिशांनी पुढे अनेकदा म्हटले. उठावकर्त्यांनीही तिचे महत्त्व ओळखले होते. गंगेच्या खोऱ्यात त्यांनी तारा तोडल्या आणि खांब उखडले. आग्र्याची वाट बंद पडताच कलकत्त्याचा मुंबई आणि मद्रास या दोन्ही इलाख्यांशी असलेला तारसंपर्क संपला. राजधानीला मद्रासशी बोलायचे तर पुन्हा जहाजाचाच आधार उरला.

यानंतर पूर्व किनाऱ्याने कलकत्ता आणि मद्रास यांना थेट जोडणाऱ्या ओळीची निकड कोणाला पटवून द्यावी लागली नाही. ती पुरी होताच साखळीची दोन टोके जुळली आणि जाळ्याला वलयाचे रूप आले. एक बाजू तुटली तर संदेश दुसऱ्या बाजूने फिरवावा, ही पर्यायी मार्गाची कल्पना आजच्या प्रकाशतंतू जाळ्याचाही आधार आहे. रस्ता खोदणाऱ्या यंत्राने केबल तोडल्यावरही बहुतेक वेळा फोन चालू राहतो, तो अशा वलयामुळे. भारतातील तारायंत्राने हा धडा युद्धात घेतला. मद्रास टोकाचे शहर राहिले नाही. १८७१ पर्यंत येथून पेनांग आणि सिंगापूरला समुद्राखालची केबल गेली आणि हे शहर पूर्वेकडील दळणवळणाचे दार झाले.

हे जाळे कोणासाठी विणले गेले, हा प्रश्न ओशॉनेसी यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. डलहौसी यांचे धोरण संस्थाने खालसा करण्याचे होते आणि तार हे त्या धोरणाचे शस्त्र होते. ओशॉनेसी यांना १८५६ मध्ये मिळालेला सर हा किताब याच सेवेबद्दल होता. पटकीच्या रुग्णाच्या रक्तात मीठ शोधणारा तरुण डॉक्टर आणि साम्राज्याच्या छावण्या एकमेकींना जोडणारा अधीक्षक हे एकच गृहस्थ होते. त्यांनी स्वतः या दोन कामांत काही अंतर मानल्याचे दिसत नाही.

१८६० मध्ये प्रकृतीच्या कारणाने ते इंग्लंडला परतले. पुढच्याच वर्षी त्यांनी आडनाव बदलून ब्रूक असे केले. भारतातील सत्तावीस वर्षांत औषधे, वनस्पती, धातू आणि वीज यांवर अखंड लिहिणाऱ्या या माणसाने त्यानंतर विशेष काही लिहिले नाही. सार्वजनिक जीवनातही ते फारसे दिसले नाहीत. जानेवारी १८८९ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउथसी येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा मद्रासमध्ये टेलिफोन एक्स्चेंज सुरू होऊन सात वर्षे झाली होती.